तबकडीतले उस्ताद आणि आपली घरे

जुन्नर शहरातून हापूसबागेकडे निघाले की शेतांच्या मधोमध सौदागर घुमट दिसतो. शिवनेरी चढून गेले की कमानी मशिदीची कमान दोन मिनारांसह आभाळात उभी असते. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला तो याच मुलखात. पुढे त्याने अहमदनगर वसवले आणि राजधानी तिकडे गेली. मलिक अंबरच्या काळात काही वर्षे ती पुन्हा जुन्नरला आली. या भागाचा इतिहास लिहायचा म्हटले की आम्ही सगळे दगडांपाशी जातो. घुमट मोजतो, शिलालेखांचे ठसे घेतो. मंचरच्या बारवेपाशी जाऊन तिथला जुना लेख लावतो.

पण त्या राजवटींत इथे कोण गात होते? त्यांची तान कशी होती, तंबोरा कोणत्या सुरात लागत होता? हे सांगणारा एकही दगड नाही. चित्रकारांनी रागमाला रंगवल्या, त्यातही राग दिसतो, ऐकू येत नाही. इमारत पडली तरी पाया उरतो. आवाज विरला की काहीच उरत नाही. म्हणून सुराचा इतिहास लिहायचा तर आम्हाला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर यावे लागते. तिथे लाखेची एक काळी तबकडी आमची वाट पाहत असते. आमच्या घरांनी या तबकडीचे काय केले, हाच या लेखाचा विषय.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या वेळी तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणारे कोण हे तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून गाणे संपता संपता गौहरजान आपले नाव इंग्रजीतून सांगत असे. १९०८ पासून कोलकात्यातच तबकड्या निघू लागल्या. कच्चा माल तर याच देशाचा होता. मण्याराच्या दुकानातली जी लाख आमच्या आयाबहिणींच्या हातात बांगडी होऊन बसली, तीच दगडाच्या भुकटीत आणि काजळीत मिसळून तबकडी झाली.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. जो ख्याल रंगायला तासभर लागतो तो तीन मिनिटांत कसा बसवायचा? कित्येक उस्तादांना हे मान्यच नव्हते. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ कोल्हापूर दरबारी होते. त्यांचे शिष्य महाराष्ट्रभर पसरले. १९४६ मध्ये मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. त्यांनी नातवाला सांगितलेली आपली हकीकत आज पुस्तकरूपाने वाचता येते, पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. किराण्याचे उस्ताद अब्दुल वहीदखाँ हेही तबकडीपासून दूर राहिले. रेडिओवर गायलेले थोडेसे तेवढे उरले. त्यांच्या नकाराला आम्ही हट्ट म्हणणार नाही. विद्या सीना-ब-सीना द्यायची, बाजारात मांडायची नाही, अशी ती अदब होती. पण त्या अदबीची किंमत आम्ही आज मोजतो आहोत.

उस्ताद अब्दुल करीमखाँ यांनी वेगळी वाट धरली. कैराण्याहून निघालेला हा माणूस बडोदा, मुंबई, पुणे करीत अखेर मिरजेला स्थिरावला. १९१३ च्या सुमारास पुण्यात त्यांचे आर्य संगीत विद्यालय सुरू होते. त्यांनी १९०५ च्या आसपास काही गाणी मुद्रित केली आणि मग जवळजवळ तीस वर्षांनी, १९३४ नंतर, ओडियन कंपनीसाठी पुन्हा गायले. या दुसऱ्या खेपेतल्या झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या घरोघर गेल्या. गदगच्या एका ब्राह्मण घरातला शाळकरी मुलगा त्यांच्या तबकड्या ऐकत दुकानासमोर उभा राही. अकराव्या वर्षी, १९३३ मध्ये, गुरूच्या शोधात तो घरातून निघून गेला. पुढे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे तो शिकला आणि भीमसेन जोशी झाला. गदगच्या त्या मुलाला किराण्याच्या घराण्यात नेऊन सोडणारी पहिली ओळख तबकडीने करून दिली.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत रेल्वे नाही. येथे जे काही आले ते पुणे-नाशिक रस्त्याने आले. फोनोही तसाच आला. आमचे आजोळ मंचरचे. नानांकडे चावीचा फोनो होता, आणि लाकडी पेटीत कागदाच्या पाकिटांत घातलेल्या तबकड्या. एक बाजू वाजली की पिन बदलायची, हा नानांचा कायदा. जुनी पिन तबकडी खाते असे ते म्हणत, आणि ते खरेच होते. चावी देण्याचा मान मुलांचा, पिन ठेवण्याचा मान फक्त त्यांचा. मगरिबची अजान ऐकू आली की हात आपोआप पेटीकडे जाई. मोहर्रमचे दहा दिवस पेटीवर चादर असे.

फोनो बैठकीत वाजायचा, आणि नानी पडद्याच्या आतल्या बाजूला तांदूळ निवडत बसायची. नानी आयुष्यात एकाही जलशाला गेली नाही. तिच्या काळात आमच्याकडच्या घरंदाज बाईने गाणे ऐकायला बाहेर जायचे नसते. पण तबकडी सुरू झाली की दुसऱ्याच सुराला ती म्हणायची, ‘‘हे करीमखाँ.’’ लेबल वाचता येत नव्हते, रागाचे नाव ठाऊक नव्हते, तरी आवाज ओळखायची. मैफल पुरुषांची होती, दरबार राजाचा होता. पडद्याआड बसलेल्या बाईपर्यंत उस्तादाला आणून पोचवले ते या तबकडीने. संगीताच्या इतिहासात या श्रोत्यांचा उल्लेख आम्हाला क्वचितच सापडतो.

घरात विरोध नव्हता असे नाही. नानांचे थोरले भाऊ परहेजगार. ‘‘घरात हे गाणे-बजावणे नको,’’ असे ते बजावून सांगत. समा जायज की नाजायज हा वाद आमच्या नानांच्या ओट्यावर सुरू झालेला नाही. तो शतकानुशतके चालला आहे. चिश्तियांनी एक बाजू धरली, अनेक उलेमांनी दुसरी. दोन्ही बाजूंना आमच्या घरात जागा होती. बडे नाना आले की फोनो बंद होई, ते गेले की सुरू होई. कुणी कुणाला घराबाहेर काढले नाही. मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात खाँसाहेब हाजिरी देत. प्लेगमधून या दरबारानेच उठवले अशी त्यांची श्रद्धा होती, असे सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासेहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. दफन मिरजेच्या त्याच दर्ग्याच्या आवारात झाले, आणि उरुसातली संगीतसभा त्यांच्या आठवणीत होत आली. त्याच मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी मुसलमान कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता लेबलांविषयी. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर जे छापले तोच पुढे इतिहास झाला. अब्दुल करीमखाँ आणि ताराबाई माने यांची मुले जन्मली तेव्हा त्यांची नावे अब्दुल रहमान, चंपाकली, सकीना अशी होती. आईवडील वेगळे झाल्यावर ती आईकडे वाढली. लेबलांवर छापले गेले सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. हा त्या आईचा आणि मुलांचा निर्णय. त्यावर हक्क सांगायला आम्ही कोण? त्यांच्या गळ्यात किराणा होता आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, यात आनंदच आहे. पण लेबल वाचणाऱ्याने एवढे जाणावे की कागदावर मावलेला इतिहास गळ्यातल्या इतिहासापेक्षा लहान असतो.

साथीदारांचे तर नावही सहसा छापले जात नसे. बालगंधर्वांची नाट्यपदे मराठी घरांत देवघरातल्या वस्तूसारखी जपली गेली. त्या नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ होते आणि सारंगीवर कादरबक्ष. पद ऐकताना आमच्या आजोबांच्या पिढीने मान डोलावली ती गायकाला; तिच्यामागे घसटत येणारी सारंगी कुणाची, हे कितीजणांनी विचारले? मराठी संगीत रंगभूमीत आपला वाटा काय असे कुणी विचारले तर भाषणे नकोत. तबकडी लावावी आणि गायकाच्या मागे काय वाजते ते ऐकावे.

गावोगाव शास्त्रीय संगीत ज्यांच्या तबकडीने पोचवले ते उस्ताद बिस्मिल्लाखाँ. ओतूर असो, घोडेगाव असो, नारायणगाव असो, लग्नाचा मांडव पडला की लाऊडस्पीकरवाला आधी त्यांची सनई लावायचा. राग कोणता हे वऱ्हाडाला ठाऊक नसे, पण सनई वाजल्याशिवाय लग्नघर लग्नघर वाटत नसे. अक्षता पडायच्या त्या एका नमाजी शिया मुसलमानाच्या फुंकीवर, आणि कुणाला त्यात वावगे वाटत नसे. २००६ मध्ये ते गेले; सनई अजून वाजते आहे.

या तबकडीची एक मर्यादा सांगितली पाहिजे. तिला कान होते, डोळे नव्हते. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पुढारी इथल्या राहुट्यांवर येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. २००२ मध्ये त्या गेल्या. लावणी तबकडीत शिरली, पण विठाबाईंचा पदन्यास आणि अदा तबकडीत कशी मावणार? उदयशंकरांनी आपला बॅले ‘कल्पना’ या चित्रपटात १९४८ मध्ये बांधून ठेवला. ज्यांच्याबरोबर उस्ताद अल्लाउद्दीनखाँ युरोपात फिरले, त्या उदयशंकरांचे नृत्य म्हणून आज घरी बसून पाहता येते. चित्रपटाची प्रत दुरुस्त होऊन २०१२ मध्ये कानच्या महोत्सवात दाखवली गेली. तमाशाच्या वाट्याला असे जतन आले नाही. व्हीसीडीच्या दिवसांत बाजारात जे आले ते विकण्यासाठी होते, जपण्यासाठी नव्हे.

पुढे लाँगप्ले आली आणि वीस मिनिटांची मोकळीक मिळाली. १९६० मध्ये उस्ताद अमीरखाँ यांचा मारवा आणि दरबारी एका तबकडीच्या दोन बाजूंवर आला, आणि घरात बसलेल्या माणसाला पहिल्यांदा विलंबित ख्यालाचा धीर कळला. मग कॅसेट, सीडी, आता मोबाइल. आज आमची नातवंडे अंगठा फिरवून करीमखाँ ऐकू शकतात. मग जुन्या तबकड्यांची फिकीर कशाला?

फिकीर अशासाठी की मोबाइलवर जे आहे ते कुणीतरी जपलेल्या तबकडीवरूनच आलेले आहे. आणि आमच्या घराने ती जपली नाही. नाना गेल्यावर वाडा वाटला गेला. फोनो भंगारवाल्याला वजनावर गेला. तबकड्या माळ्यावर पत्र्याखाली पडून राहिल्या, उन्हाळ्यात वाकल्या, काही मुलांनी चकत्या करून फेकल्या. त्यांत कोणाचे गाणे होते याची यादी कुणी केली नाही. हे परक्या कुणी केले नाही, आम्ही केले. दंगलीत जळाले असते तर आम्ही लेख लिहिले असते. माळ्यावर सडले म्हणून गप्प राहिलो.

म्हणून वाचकांना विनंती आहे. माळे, जुन्या ट्रंका, आजोळची कपाटे एकदा उघडून पाहा. तबकड्या सापडल्या तर आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, उन्हापासून दूर. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. लेबलावरचे नाव, कंपनी, क्रमांक वहीत उतरवा. घरात कोण ऐकत असे, केव्हा ऐकत असे, तेही लिहा, कारण ते कोणत्याही लेबलावर छापलेले नाही. तबकड्या जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था मुंबईत १९९० मध्ये स्थापन झाली. अशा जाणकारांशी बोला.

जुन्नर तालुक्यातच खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. परिसरात पसरलेल्या अशा तीस तबकड्यांची मिळून ती महाकाय दुर्बीण होते, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी टिपते. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून पृथ्वीच्या आवाजांची तबकडी अवकाशात पाठवली गेली. तिच्यात केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. केसरबाई म्हणजे अल्लादियाखाँच्या शागीर्द. ज्या उस्तादांनी आपला आवाज एकाही तबकडीला दिला नाही, त्यांची तालीम आज सूर्यमालेच्या पलीकडे जाते आहे.

इतक्या दूरवर गेलेली ती विद्या आमच्या मंचरच्या माळ्यावरून मात्र नाहीशी झाली. तुमच्या माळ्यावर अजून काही असेल, तर ते आधी उतरवून घ्या.