एक लाखाची शिल्लक

विद्यापीठांना देणग्या मिळतात त्या बहुधा वास्तूंसाठी. ग्रंथांची व्यवस्था कशी असावी, या विषयाच्या अभ्यासासाठी आयुष्याची पुंजी देणारा दाता विरळाच. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे असे दाते होते.

गणिताचे हे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व वीस वर्षे त्या पदावर राहिले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली; १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्यांनी त्याच विद्यापीठाला एक लाख रुपये अर्पण करून ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापिले, आणि त्याला नाव दिले आपल्या पत्नीचे, शारदा यांचे. १९६१ साली बंगळूरला याच नावाचा न्यासही उभा राहिला.

प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे त्यांचे दुसरे सूत्र. ग्रंथ विकत घेता येतात. हवा तो ग्रंथ हव्या त्या वेळी वाचकाच्या हाती ठेवणारी विद्या मात्र जोपासावी लागते. परप्रांती मराठी ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको. नोंद नसलेले पुस्तक कपाटात असूनही हरवलेलेच असते. मंडळाला कपाट देणाऱ्याने सूचीसाठीही चार पैसे बाजूस ठेवावेत.