वरचा दवाखाना आणि खाली उतरलेली देवी : चारोटी परिसरातील जोखमीच्या गर्भारपणाचा इतिहास

डहाणू तालुक्यातील चारोटी नाक्यावरून महामार्गाने उत्तरेस निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर विवळवेढे हे गाव लागते. तेथील महालक्ष्मीच्या देवळासंबंधी या मुलखात एक दंतकथा सांगितली जाते. देवीचे मूळ स्थान डोंगरावर होते आणि एक गर्भवती स्त्री नेमाने तिच्या दर्शनास जात असे. दिवस भरत आले तसा चढ तिला सोसेना, आणि एके दिवशी वाटेतच तिला भोवळ आली. तेव्हा देवीस करुणा आली. यापुढे तू वर येण्याचे कारण नाही, मीच पायथ्याशी येते, असे सांगून ती खाली उतरली. चैत्री पौर्णिमेपासून येथे मोठी यात्रा भरते. मध्यरात्री वाघाडी येथील पुजारी डोंगराच्या सुळक्यावर ध्वज लावतो. पण लोकांची गर्दी असते ती पायथ्याच्या देवळात.

दंतकथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. तथापि समाज कोणती कथा जतन करून ठेवतो, यावरून त्याला कोणत्या गोष्टीची धास्ती होती याचा अंदाज बांधता येतो. देवी स्थान बदलते आणि ते एका दोनजिवाच्या बाईसाठी बदलते, ही कल्पना डोंगर, ओढे आणि विखुरलेले पाडे यांच्या प्रदेशात टिकून राहिली यात नवल नाही. अवघड गर्भारपणात आधार मिळावा म्हणून बाईने वर जावयाचे की आधाराने खाली यावयाचे, हा प्रश्न या कथेच्या मुळाशी आहे. आणि चारोटीच्या टापूतील प्रसूतिसेवेचा इतिहास पाहू गेल्यास तोच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुढे येत राहतो. भाषेनेही त्याची खूण राखली आहे. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून कासा येथील शासकीय रुग्णालयात, तेथून डहाणूस, तेथून आणखी कोठे तरी, अशी जी बाईची रवानगी होते तिला बोलीत ‘वर पाठवले’ असे म्हणतात. सपाट महामार्गावरून जावयाचे असले तरी दवाखाना हा ‘वरचा’च असतो.

जुन्या काळी आधार होता तो सुईणीचा. ‘सुईण’ हा शब्द प्रसवार्थक ‘सू’ धातूशी नाते सांगणारा, तर ‘दाई’ हा फारसीतून आलेला. पहिला घरातला आणि दुसरा पुढे सरकारी कागदपत्रांतला झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी आदी समाजांत सुईण ही बहुधा पाड्यातलीच प्रौढ बाई असे. ती वर्दी मिळताच येई, बाळंतिणीचे अंग चोळी, नाळ कापी आणि पुढचे काही दिवस येत-जात राही. तिच्या कसबाची टवाळी करण्याची रीत सुशिक्षितांत रूढ आहे. ती अन्यायाची आहे. सरळ बाळंतपणात तिचा धीर आणि तिची सोबत यांचे मोल कोणत्याही रुग्णालयाने मान्य करावे असे होते. परंतु मूल आडवे आले, वार अडकली, रक्त थांबेना, की तिच्या हाताचे बळ संपे. ‘अडलेली बाई’ हा शब्दप्रयोग मराठीत किती साध्या सुरात वापरला जातो! त्यामागे दोन-दोन, तीन-तीन दिवस चालणाऱ्या वेणा होत्या. गर्भविषबाधेची आकडी तर बघणाऱ्याला अंगात आल्यासारखी दिसे, म्हणून तेथे सुईणीऐवजी भगताला बोलावणे जाई. तो आपल्या परीने उतारा करी. रक्तदाब काही उतरत नसे.

बाळंतपणानंतरची पाचवी आणि सटवाई यांची जागरणे मराठी मुलखात सर्वत्र आहेत. सूतिकाज्वर आणि अर्भकाचा धनुर्वात हे दोन्ही रोग जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच डोके वर काढतात, ही वैद्यकीय माहिती ध्यानात घेतली म्हणजे त्या रात्री जागण्यामागचे भय निराधार नव्हते असे म्हणावे लागते. माता व नवजात अर्भक यांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. भय ओसरले, जागरण राहिले. वारल्यांच्या लग्नचौकात पालघट ही सुफलतेची देवता सवाशिणी रेखाटतात, तिच्यामागेही हीच आस असावी.

या आधाराच्या विरुद्ध बाजूस वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने जमीनदाराच्या घरी राबावयाचे, या पद्धतीस ‘लग्नगडी’ म्हणत. जिच्या लग्नाचे कर्ज फेडावयाचे तीच स्त्री लवकरच गर्भवती होई; म्हणजे ज्या वर्षांत तिला विश्रांतीची आणि चार घास अधिक मिळण्याची गरज, तीच वर्षे कर्जफेडीची ठरत. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे आदिवासींची जी परिषद भरली तिने वेठीस नकार दिला. त्या चळवळीची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात दिली आहे. इतिहासकार या उठावाकडे जमीन व मजुरी यांच्या अंगाने पाहतात. ते योग्यच आहे. पण मातेच्या आरोग्याच्या इतिहासातही त्याला स्थान द्यावयास हवे, कारण बाळंतिणीला मालकाच्या शेतावर न जाण्याची मोकळीक दवाखान्याच्या आधी या लढ्याने मिळवून दिली.

मुंबईत याच काळात किती पुढची मजल गाठली गेली होती, हे पाहिले म्हणजे अंतराचा अर्थ कळतो. याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, १९२६ मध्ये वाडिया प्रसूतिगृह. डहाणूवरून जाणारी आगगाडी १८६४ पासून मुंबईस पोहोचत होती. म्हणजे अंतर गाडीच्या रुळांवर नव्हते. पाड्यापासून स्थानकापर्यंतच्या बैलगाडीच्या वाटेवर होते.

सीमांनीही या कथेत आपला वाटा उचलला. १९५४ मध्ये सिल्वासा व आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटला. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा बराचसा भाग गुजरातकडे गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. राज्यांच्या रेषा आखताना बाळंतिणीचा विचार कोणी करावा अशी अपेक्षाच नसते. परिणाम मात्र असा झाला, की चारोटी-तलासरीकडील अत्यवस्थ गर्भवतीला जवळ पडतात ती मोठी रुग्णालये सिल्वासा आणि वलसाड येथील, तर तिचे कागद, तिचे अनुदान आणि तिची रुग्णवाहिका ही सगळी महाराष्ट्राची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामुळे जिल्ह्याचे ठाणे जवळ आले. मोठ्या रुग्णालयाचा प्रश्न त्याने तत्काळ सुटला नाही. डहाणूतील सासवंद येथे २०१७ मध्ये खाजगी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही अलीकडची भर होय.

शासकीय सेवेचा प्रारंभ १९५२ च्या समाजविकास योजनेतील प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून धरता येतो. आदिवासी भागासाठी पुढे जे मान ठरले ते वीस हजार लोकवस्तीस एक केंद्र आणि तीन हजारांस एक उपकेंद्र असे. १९७७ च्या सुमारास सुईणींना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती स्वच्छ पाते व दोरा देण्याचे धोरण आले. २००५ नंतर ते मागे पडून सर्व बाळंतपणे रुग्णालयात व्हावीत असा आग्रह सुरू झाला. या दोन धोरणांतील फरक वरवरचा नाही. पहिल्याने ज्ञान खाली पाठविले, दुसऱ्याने बाईला वर बोलाविले. वैद्यकीय दृष्ट्या दुसरेच बरोबर होते, कारण रक्तस्राव वा आकडी यांच्यापुढे प्रशिक्षित सुईणही हतबलच असते. मात्र सुईणीला बाजूस सारताना तिची सोबतही बाजूस सारली गेली, आणि परक्या खोलीत, परक्या बोलीत एकटी पडलेली बाई रुग्णालयास का भिते, याचे उत्तर पुष्कळांनी तिच्या अज्ञानात शोधले.

मध्यंतरी १९९२–९३ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली आणि राज्यभर खळबळ उडाली. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. फिरती वैद्यकीय पथके आणि आदिवासी गर्भवतींसाठी मातृत्व अनुदान ही तिची अंगे होत. येथे प्रथमच दवाखाना पाड्याकडे चालत निघाला असे म्हणता येईल.

आता ‘जोखीम’ या शब्दाकडे वळणे इष्ट आहे. आरोग्य खात्याच्या मराठीत ‘अतिजोखमीची माता’ हा प्रयोग रुळला आहे. व्यापाऱ्यांच्या जुन्या भाषेत जोखीम म्हणजे धोका. शिवाय ज्याच्यापायी धोका पत्करावयाचा तो मौल्यवान ऐवजही जोखीमच. प्रवासात सोनेनाणे जवळ असले की ‘जोखीम बरोबर आहे’ असे म्हणत. गर्भवतीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, आणि खात्याच्या नोंदवहीत त्यांपैकी पहिलाच उरतो हे खरे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची विशेष तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली. जोखीम आढळल्यास मातेच्या कार्डावर लाल चिठ्ठी लावतात.

या टापूत ती चिठ्ठी कशाकशाने लागते? लहान वयातले लग्न, खुरटलेली उंची, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, वाढलेला रक्तदाब, आधीचे शस्त्रक्रियेने झालेले बाळंतपण. आणि या साऱ्यांवर ताण करणारा रक्तक्षय. रक्तातील हिमोग्लोबिन सातच्या खाली गेले म्हणजे तो तीव्र समजतात; अशा बाईला बाळंतपणात जाणारे थोडेसे रक्तही परवडत नाही. शिवाय येथील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन लवकर नष्ट होतात, तेव्हा नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही. वेळेवर रक्ताची तजवीज लागते. डहाणूस राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र काम करीत असून मातांचे आरोग्य हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहे.

पण चिठ्ठी लावणे निराळे आणि वेळेवर पोहोचणे निराळे. थॅडियस आणि मेन या दोन संशोधक स्त्रियांनी १९९४ मध्ये मातामृत्यूस कारण होणारे तीन विलंब सांगितले : निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. चारोटीच्या टापूत हे तीन सुटे राहत नाहीत. पाड्यापासून सडकेपर्यंत बाईला झोळीतून आणावे लागते, म्हणून घरची माणसे निर्णय लांबवितात. आणि एका दवाखान्यातून दुसरीकडे पाठविले की पोहोचण्याचा विलंब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच तालुक्यातील सात महिन्यांच्या एका गर्भवतीस रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही. खाजगी वाहनाने तिला जवळच्या रुग्णालयात आणले, तेथून सिल्वासाकडे नेण्यास सांगण्यात आले, आणि वाटेतच तिचा अंत झाला. २०१८–२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूंचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३, तर देशाचे ९७ होते. राज्याची ही कामगिरी निश्चित अभिमानास्पद आहे. परंतु सरासरीच्या आकड्यात मुंबई आणि डहाणूचा पाडा एकाच ओळीत बसतात.

त्या दृष्टीने दोन लहान योजना अधिक अभ्यासनीय वाटतात. एक माहेरघराची. दुर्गम पाड्यातील बाईने दिवस भरण्याच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत नातलगांसह येऊन राहावे, अशी सोय राज्याच्या आदिवासी जिल्ह्यांत करण्यात आली. ‘माहेर’ हा शब्द मुळात मातृगृहावरूनच आला, तेव्हा ‘माहेरघर’ यात घर दोनदा आले आहे. पण नाव देणाऱ्याला बाळंतिणीचे मन ठाऊक असले पाहिजे. सोबतीची बाई, लहान लेकरू आणि चूल यांना जेथे जागा असते तेथे बाई येते. जेथे नुसती खाट असते तेथे ती येत नाही.

दुसरी २०१५ ची अमृत आहार योजना. शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत रोज एक वेळचे पूर्ण, ताजे जेवण अंगणवाडीत मिळावे, असे तिचे स्वरूप. कागदावर ही साधी बाब दिसते. ज्या घरात सर्वांचे झाल्यावर बाई जेवते त्या घरातील बाईला चारचौघींत बसून गरम जेवण मिळणे, आणि त्याच निमित्ताने सेविकेने तिच्या पायांवरची सूज पाहणे, यात पोषण आणि देखरेख दोन्ही येतात.

या दोन्ही सोयी पाड्याशी बांधलेल्या आहेत, आणि अडचण तेथेच आहे. दिवाळीनंतर या पाड्यांतील कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. चौथ्या महिन्यात गाव सोडलेली बाई नवव्यात परत येते, किंवा भट्टीवरच बाळंत होते. तिचे कार्ड तिच्या गाठोड्यात असते, त्यावरची लाल चिठ्ठीही. पण ती चिठ्ठी वाचणारी आशा सेविका मागे चारोटीकडेच राहिलेली असते.