दख्खनच्या हवेतली भरती-ओहोटी

हिवाळ्यातल्या एखाद्या निरभ्र दिवशी नाशिकमध्ये पाऱ्याचा वायुभारमापक मांडून बसावे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पारा दिवसातल्या सगळ्यांत वरच्या खुणेवर असतो. मग तो हळूहळू उतरू लागतो आणि दुपारी चार-पाचला तळ गाठतो. रात्री दहा-अकरापर्यंत पुन्हा चढतो, पहाटे चार-पाचला पुन्हा खाली येतो. आकाशात ढग नाही, वाऱ्याचा पत्ता नाही, तरी दाब तीन-चार हेक्टापास्कलने खालीवर झालेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळांना तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

वर्तमानपत्रात ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र’ अशी ओळ आली की नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष आणि कांद्याचा शेतकरी ती दोनदा वाचतो. त्या ओळीमागे पावणेदोनशे-दोनशे वर्षांची मेहनत आहे, आणि आपल्या भागात त्या मेहनतीची सुरुवात या रोजच्या चढउताराच्या मोजणीपासून झाली.

हवेच्या दाबाचा मूळ शोध मात्र विहिरीच्या पाण्यातून निघाला. सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांना एक अडचण ठाऊक होती. वरून ओढणारा पंप कितीही चांगला बनवला, तरी पाणी सुमारे दहा मीटरच्या वर चढत नाही. गॅलिलिओनेही १६३८च्या आपल्या ग्रंथात या कोड्याची दखल घेतली होती. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने पाण्याऐवजी त्याहून साडेतेरा पट जड असा पारा घेतला आणि १६४३च्या सुमारास पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग रचला. पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला. आपण सगळे हवेच्या एका महासागराच्या तळाशी राहतो आणि तिचे वजन भांड्यातल्या पाऱ्यावर पडते म्हणून नळीतला पारा उभा राहतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १६४८च्या सप्टेंबरात पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने ही नळी फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर चढवली. वर जाताना पारा उतरत गेला. उंचावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाबही कमी, हे तिथे डोळ्यांना दिसले.

हे नाशिकच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. विहिरीच्या काठावर मोटार ठेवली आणि पाणी सात-आठ मीटरच्या खाली गेले की मोटार कितीही अश्वशक्तीची असो, पाणी येत नाही. मग ती दोराने विहिरीत खाली उतरवावी लागते, नाहीतर पाण्यातच बुडणारी मोटार बसवावी लागते. नळातून पाणी वर ढकलणारी खरी ताकद विहिरीतल्या पाण्यावर पडणाऱ्या हवेची असते. मोटार फक्त नळातली हवा काढून तिला वाट करून देते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब साधारण ९४५ हेक्टापास्कलच्या आसपास असतो, म्हणजे पारा ७६ ऐवजी ७१ सेंटिमीटरवर उभा राहतो. इंचात सांगायचे तर अठ्ठावीस इंच. आता जुन्या इंग्रजी दिवाणखान्यांत टांगलेली ती गोल तबकडीची वायुभारमापके आठवा. तबकडीवर आकड्यांसोबत हवामानाचे शब्दही कोरलेले असत: एकतीस इंचांवर अगदी कोरडी हवा, तीसवर उघाड, एकोणतीसवर पाऊस आणि अठ्ठावीसवर वादळ. लंडनजवळच्या सपाटीसाठी बनवलेले असे यंत्र जसेच्या तसे नाशिकला आणून टांगले, तर त्याचा काटा बाराही महिने वादळावर राहील. दख्खनच्या पठाराला ही भाषा लागू नव्हती. इथली भाषा इथेच मोजून शिकावी लागणार होती.

ते काम कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने हाती घेतले. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमले. नाशिकचा मुलूख तेव्हा अहमदनगर कलेक्टरीत मोडत होता, स्वतंत्र नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. साइक्स जमीन, पिके, माणसे, पक्षी, मासे, सगळे टिपत हिंडला. पक्षिनिरीक्षकांना त्याचे नाव साइक्सच्या चंडोलामुळे माहीत असते. पण त्याचे सगळ्यांत चिकाटीचे काम वायुभारमापकावर झाले. वर्षानुवर्षे, दिवसाच्या ठरावीक वेळांना, त्याने पाऱ्याची उंची लिहून ठेवली. उंची काढण्यासाठी त्याने आणखी एक सोपी युक्ती वापरली. पाणी उकळायचे आणि साध्या तापमापकाने ते किती अंशांवर उकळते ते पाहायचे. समुद्रकाठी १००, नाशिकला सुमारे ९८, कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर ९५च्या आगेमागे. काचेची पाऱ्याने भरलेली लांब नळी घाटवाटांनी न फोडता नेणे किती जिकिरीचे असेल याची कल्पना केली, तर या युक्तीचे मोल कळते.

त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ मध्ये छापला गेला. विषय होता दख्खनमधल्या वातावरणाच्या भरती-ओहोटीचा आणि हवामानाचा. दिवसा दोन आणि रात्री दोन, अशा चार हालचाली इथे होतात, त्यांच्या वेळा ठरलेल्या आहेत, वादळ आले तरी त्या थांबत नाहीत, फार तर बदलतात, असे त्याने हजारो नोंदींच्या आधारे मांडले. थंडीत हा झोका मोठा असतो आणि पावसाळ्यातल्या दमट दिवसांत लहान, हेही त्याच्या लक्षात आले. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा निबंध दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसलेल्या गोलाकार इंद्रधनुष्याचे, म्हणजे इंद्रवज्राचे, वर्णन साइक्सने त्यातच केले आहे. पुष्कळ ठिकाणी ते त्याला १८३५ मध्ये दिसले असे लिहिलेले आढळते, पण ते साल छपाईचे आहे. दख्खनमधले त्याचे काम त्याआधीच संपले होते. कड्यावरच्या त्या एका रंगीत क्षणाची आठवण आपण ठेवली आणि त्याच पानांतल्या हजारो कोरड्या आकड्यांना विसरलो, याची मला हळहळ वाटते. आपल्या हवामानाची खरी ओळख त्या आकड्यांत होती.

भरती-ओहोटी म्हटले की चंद्र आठवतो. हवेच्या बाबतीत चंद्राचा वाटा अगदी नगण्य आहे. या हालचालीच्या वेळा सूर्याशी बांधलेल्या आहेत. वातावरणाच्या उंच थरातला ओझोन आणि खालच्या थरातली वाफ सूर्याची उष्णता शोषतात, त्या तापण्या-निवण्याच्या लाटा साऱ्या पृथ्वीभर फिरतात आणि बारा तासांची लाट जमिनीवर सगळ्यांत ठळक जाणवते. लॉर्ड केल्विनने १८८२ मध्ये हा प्रश्न नेमका मांडला. ओझोनचा वाटा स्पष्ट व्हायला मात्र १९६०चे दशक उजाडले. ही लाट विषुववृत्ताकडे जोरकस आणि ध्रुवांकडे क्षीण असते. इंग्लंडमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांबरोबर दाब एकाच आठवड्यात तीस-चाळीस हेक्टापास्कल हलू शकतो, तिथे ही बारीक लाट बुडून जाते. आपल्याकडे उलटे आहे. वर्षातले बहुतेक दिवस हीच लाट ठळक असते आणि हवामानाने झालेला फरक तिच्याखाली लपतो.

हा फरक किती लहान असतो ते पाहण्यासारखे आहे. भारतीय हवामान विभागाच्या मोजमापात, भोवतालच्या मानाने दाब एका हेक्टापास्कलने कमी झाला की कमी दाबाचे क्षेत्र धरतात. ही तूट एक ते तीनपर्यंत गेली की त्याला अवदाब म्हणतात, साडेचारपर्यंत तीव्र अवदाब, त्यापुढे चक्रीवादळ. म्हणजे पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून निघून विदर्भ-मध्य प्रदेशावरून सरकणारा, घाटमाथ्यावर पावसाला जोर आणणारा आणि नाशिकच्या रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत, कधी गळ्यापर्यंत पाणी चढवणारा अवदाब खोलीला किती? आपल्या रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या फरकाएवढा, किंवा त्याहूनही उथळ. सकाळी दहाचा आकडा आणि दुपारी चारचा आकडा शेजारी ठेवून कोणी अंदाज बांधू लागला, तर त्याला रोजच दुपारी अवदाब दिसेल.

म्हणून नोंद एकाच घटकेची लागते, आणि एका गावाची पुरत नाही. मुंबईत कंपनी सरकारची कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. तिथे १८४१ पासून चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी नेमाने सुरू झाल्या. त्या कामात आपली माणसे होती हे मुद्दाम सांगायला हवे. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरुनाना, तरुणपणी याच वेधशाळेत कामाला होते. बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ तिची जबाबदारी सांभाळली. ‘दर्पण’कार म्हणून आपण बाळशास्त्रींना ओळखतो, पण मराठी पत्रकारितेचा पाया घालणारा हा माणूस कुलाब्याच्या यंत्रांमध्येही वावरत होता.

पुढचा टप्पा तारायंत्राचा. कलकत्त्याला १८६४च्या ऑक्टोबरात चक्रीवादळाने हजारो माणसे गेली, मागोमाग पावसाने दगा दिल्याची वर्षे आली आणि १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. गावोगावचे दाब एकाच वेळी मोजायचे, तारेने कळवायचे आणि नकाशावर सारख्या दाबाची ठिकाणे रेषेने जोडायची. इथे पुन्हा उंची आडवी आली. मुंबईचे १००८ आणि नाशिकचे ९४५ तसेच्या तसे नकाशावर मांडले, तर सह्याद्रीच्या डोक्यावर कायमचे भयंकर वादळ उभे दिसेल. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब, ते ठिकाण समुद्रसपाटीला असते तर किती असता, असा हिशेब करून मग मांडतात. डॉ. रामचंद्र साबळे यांच्या साप्ताहिक कृषी हवामान अंदाजात महाराष्ट्रावर अमुक हेक्टापास्कल दाब राहील असे वाचायला मिळते, तो आकडा असा समुद्रसपाटीला आणलेला असतो.

त्या रेषा उमटल्या तेव्हा मोसमी वाऱ्याची वाट कागदावर दिसू लागली. जुलैत सिंध-राजस्थानकडे तापलेल्या जमिनीवर दाब ९९५च्या आसपास उतरतो. तिकडे दक्षिण गोलार्धात मादागास्करच्या पूर्वेला तो १०२०च्या वर असतो. या उतारावरून हवा हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून येते आणि सह्याद्रीला धडकते. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. हा उतार मंदावला, किंवा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की आपल्याकडे पावसाचा खंड पडतो. गिल्बर्ट वॉकर यांनी पुढे अशाच दाबाच्या नोंदी जगभरातून जमवल्या आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरचा दाब एकमेकांविरुद्ध झुलतो हे दाखवले. एल निनोच्या आजच्या चर्चेचे एक मूळ तिथे आहे.

विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिथेच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांनी शेतीच्या हवामानशास्त्राची शाखा उभी केली. आकाशाचा अभ्यास करणारे लोक ज्वारीच्या आणि कापसाच्या शेतात उतरले, ही माझ्या मते या साऱ्या कुळातली सगळ्यांत मोलाची घटना.

दाबाचा नकाशा सगळेच सांगत नाही. २६ नोव्हेंबर २०२३ला निफाड-चांदवडकडे गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. अशी गार जमिनीवरच्या दाबाच्या आकड्यावरून कळत नाही. तिचे कारण काही किलोमीटर वरच्या थंड हवेत असते, आणि तिथला दाब व तापमान मोजायला फुगे सोडावे लागतात. चक्रीवादळाचे मात्र तसे नाही. ३ जून २०२०ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’च्या केंद्रातला दाब ९८४पर्यंत उतरला होता. ते कमजोर होत उत्तर महाराष्ट्राकडे सरकले, आणि एरवी जूनमध्ये पश्चिमेकडून येणारा वारा फिरला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर आपल्या गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला असतो. बॉइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला हा नियम गच्चीवर उभे राहूनही पडताळता येतो. एरवीच्या पश्चिमी वाऱ्यात डावा हात उत्तरेकडे, कमी दाबाच्या त्या मोसमी पट्ट्याकडे असतो. वारा पूर्वेचा झाला की तोच हात दक्षिणेला येतो.

आता पुष्कळ मोबाइल फोनमध्येही दाबाचा संवेदक असतो. नाशिकमध्ये तो ९४०-९५०च्या दरम्यान आकडा दाखवील, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हवामान विभागाची सकाळची मुख्य नोंद साडेआठची असते. आपणही तीच वेळ धरावी, आणि आजचा आकडा काल सकाळी साडेआठच्या आकड्याशीच ताडून पाहावा. चोवीस तासांत तो दोन-तीनने उतरला असेल आणि वाराही फिरला असेल, तर विभागाचे पत्रक उघडून अवदाब कुठे आहे ते बघावे, आणि औषध फवारणी एक दिवस पुढे ढकलायची का ते त्यावरून ठरवावे.