घाटाची पायरी आणि निळी रेषा

आज आपण नदीच्या काठाबद्दल बोलणार आहोत. विषय बचतगटाचा नाही असं वाटेल, पण शेवटी तो आपल्या कर्जाच्या वहीपर्यंत येतो.

आमची गावं इंद्रायणीच्या काठची. एका बाजूला चाकणच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवड शहर. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या आक्का सांगतात, घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या बैलगाडीत घालून नदीवर न्यायच्या. दिवसभर धुणं, खडकावर वाळवण, तिथंच भाकरी. आता आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी नीट शुद्ध न करता सोडलं की नदीची अशी गत होते. गोधड्या आता घरच्या टाकीवर धुतो आणि नदीकडे पाठ करून राहतो.

पण काठ म्हणजे काय, हे जुन्या लोकांना चांगलं कळत होतं. घाटाची पायरी बघा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तर चार पायऱ्या जास्त उतरायचं, पावसाळ्यात वर आलं तर चार कमी. पाणी कितीही असो, बाईला घागर बुडवायला पायरी सापडतेच. उभ्या भिंतीला हे जमत नाही. चौंडी गावात १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात राज्य चालवलं. नर्मदेकाठी महेश्वरला आणि इतर तीर्थक्षेत्री त्यांनी घाट बांधले. राजवाडा राजाचा असतो, घाट येणाऱ्या-जाणाऱ्याचा.

आपल्याजवळ चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. तिथल्या देवळाचं काम शके १५८०, म्हणजे इ.स. १६५८ साली सुरू झालं, असं शिलालेख सांगतो. धरणातून पाणी सोडलं आणि पवना फुगली की आजही त्या देवळात पाणी शिरतं. पूर ओसरतो, गाळ काढतात, पूजा पुन्हा सुरू होते. दगडी देऊळ पुराचं पाणी सोसतं. विटांच्या खोलीतला संसार, तांदळाचा डबा, पोरांची पुस्तकं मात्र सोसत नाहीत. म्हणून जुनी गावं उंचवट्यावर बसली आणि काठावर घाट, देऊळ, मळा एवढंच राहिलं.

जुनं ते सगळं चांगलं होतं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. पाणवठा गावाचा म्हणायचे, पण गावातल्या सगळ्यांचा नव्हता. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ साली. म्हणजे ठरावापासून चौदा वर्षं! यातून एक गोष्ट शिकायची. काठावर ‘सार्वजनिक’ अशी पाटी लावून भागत नाही, पाण्यापर्यंत पोचायची वाट कोणाला आहे ते विचारावं लागतं.

मुंबईचंही तसंच. १८७३ साली तिथं पोर्ट ट्रस्ट आला, १८७५ ला ससून डॉक सुरू झाला. पुढे पूर्वेचा किनारा गोद्या, गोदामं आणि कुंपणांनी भरून गेला. चाकणला तयार झालेल्या मोटारीही मुंबईच्या गोदीतून परदेशी गेल्या आहेत. बंदराच्या या बाजूला गर्दीच्या वस्तीतल्या माणसाला समुद्र जवळ असूनही दिसत नाही. तरी भाऊच्या धक्क्यावर आणि ससून डॉकवर कोळी बायकांनी आपली जागा सोडली नाही. पहाटे मासळीचा बाजार त्याच चालवतात. त्यांना काठ लागतो तो पोटासाठी.

आता आपल्या भागाकडे या. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका. गावं शहरात गेली, शेतं कारखान्यांत गेली. पवना, इंद्रायणी, मुळा या तिन्ही नद्या शहराची सीमा किंवा सांडपाण्याची वाट होऊन बसल्या. पाण्यावरून भांडणही झालं. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीने शहराला न्यायच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती.

आणि आता नदी सुधार, नदीकाठ सुशोभीकरण अशा योजना निघाल्या आहेत. नदी स्वच्छ झाली, काठ चालण्या-बसण्याजोगा झाला तर आपल्याला हवंच आहे. पण नकाशातल्या दोन रेषा आपल्याला ओळखता आल्या पाहिजेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी पूररेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर पोचतो ती लाल. निळीच्या आत घर बांधायला मनाई आहे, निळी आणि लाल यांच्या मध्ये बंधनं आहेत. चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेत ३६ बंगले उभे राहिले होते. राष्ट्रीय हरित लवादाने ते पाडायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि १७ मे २०२५ ला ते पाडले. लोकांनी आयुष्यभराची कमाई त्यात घातली होती.

ती बातमी ऐकली त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत कोणी बोलेना. कारण आमच्याच एका ताईने नदीच्या बाजूला चार खोल्या बांधल्या आहेत, कंपनीतल्या पोरांना भाड्याने द्यायला. त्यासाठीचं कर्ज आम्ही सगळ्यांनी मिळून मंजूर केलं. हप्ता फिटेल का, भाडेकरू मिळतील का, सगळं विचारलं. नदी कुठवर येते, हे एकीनेही विचारलं नाही. आक्का मात्र हळूच म्हणाल्या, “तिथं आमच्या लहानपणी पुराचं पाणी यायचं की.” आम्ही म्हटलं, मग तेव्हा का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “मला कोणी विचारलं?”

चूक आमची होती. आता कर्जाच्या अर्जात आम्ही एक ओळ वाढवली आहे : बांधकाम असेल तर गट नंबर घेऊन पूररेषेचा नकाशा पाहिला का? ताईच्या खोल्यांचा गट नंबर घेऊन आम्ही पाचजणी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात जाणार आहोत. उत्तर काहीही आलं तरी तिचा हप्ता एकटीचा ठेवायचा नाही, एवढं ठरलं आहे.

तुम्हीही एक करा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तो आपला हक्क आहे. गावात नदीकाठाचं कुठलंही काम निघालं की त्या सभेत विचारा : पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत का? सांडपाणी कुठं जाणार? बायकांना आडोसा, शौचालय, दिवा आहे का? भाजी-फुलं विकणाऱ्या बायांना जागा कुठं? आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बरोबर न्या. पूर कुठवर आला होता ते नकाशाच्या आधी तिला विचारा.