चासी तीच, बॉडी नवी

परभणी-पूर्णा पट्ट्यातल्या पिंगळीतून कापसाचा जुना ट्रक जाताना दिसला, तर तो कुणी बनवला म्हणाल? टाटांनी? हे अर्धंच उत्तर झालं.

1954मध्ये टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझसोबत जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. पुढची कित्येक दशकं कारखान्यातून बहुतेक वेळा नुसती चासी निघायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस्स! ड्रायव्हर उघड्यावर बसून ती आणायचा. बॉडी बांधायचे गावोगावचे सुतार, लोहार आणि पेंटर, तेही मालकाच्या धंद्याप्रमाणे. कापसाला उंच फळ्या, वाळूला ठेंगण्या.

मग ट्रक विकला जातो. नवा मालक आधी जुनं नाव पुसतो, मग रंग बदलतो, मग कुजलेल्या फळ्या. अख्खी बॉडीच वेगळी करायची, तर 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. चार मालक झाले की मूळ लाकडाचा तुकडाही उरत नाही.

आरसीवर काय टिकतं? कंपनीचं नाव, इंजिन नंबर, चासी नंबर. गाडी भंगारात काढतानाही चासी नंबरचा तुकडा कापून घेतात. बॉडी बांधणाऱ्या सुताराचं नाव मात्र आरसीवर कधी नव्हतंच.

म्हणून त्यांचा इतिहास आरसीवर सापडणार नाही. घरात जुन्या ट्रकचा फोटो असेल, तर बॉडी कुणी बांधली ते आजोबांना विचारा. आणि ते नाव फोटोमागे लिहून ठेवा.