बदलते तापमान आणि शेळ्यांचे आरोग्य

सातारा जिल्ह्यातील माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. पश्चिमेकडे महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असताना, शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील माणदेशात तो जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. शेती बेभरवशाची असल्याने येथील अनेक कुटुंबांचा आधार शेळीपालन हाच आहे. दहिवडी (ता. माण) आणि रांजणी (ता. कवठेमहांकाळ) येथे शासनाच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत, तीही याच पट्ट्यात.

या भागातील उन्हाळा कडक, तर हिवाळ्यातील रात्री चांगल्याच थंड असतात. शेळी काटक असली तरी हे बदल सोसताना तिच्या शरीरावर ताण येतो. विशेष म्हणजे या ताणाचे नुकसान पुष्कळदा त्याच ऋतूत दिसत नाही. ते पुढच्या ऋतूत उघड होते. म्हणून व्यवस्थापनाचे नियोजन एक ऋतू आधीच करावे लागते.

शरीरक्रिया

निरोगी शेळीच्या शरीराचे तापमान सर्वसाधारणपणे ३८.५ ते ३९.७ अंश सेल्सिअस (१०१.३ ते १०३.५ अंश फॅरनहाइट) असते. विश्रांतीच्या स्थितीत तिचा श्वासोच्छ्वास मिनिटाला १५ ते ३० आणि नाडीचे ठोके ७० ते ९० असतात. शरीराचे तापमान सकाळी कमी आणि दुपारनंतर थोडे अधिक असते. त्यामुळे ताप पाहण्यासाठी शक्यतो सकाळी, सावलीत थर्मामीटर लावावा. उन्हातून आलेल्या शेळीचे तापमान लगेच घेतल्यास ताप असल्याचा चुकीचा समज होऊ शकतो.

उन्हाळा

शेळीला घाम कमी येतो. शरीरातील उष्णता ती मुख्यतः जलद श्वासोच्छ्वासातून बाहेर टाकते. धाप वाढली की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि आम्ल-अल्कली संतुलन बिघडते. लाळ गळाल्याने कोठीपोटातील आम्लता आटोक्यात ठेवणारे क्षारही कमी पडतात. भूक मंदावते, रवंथ कमी होते, दूध घटते. काळ्या रंगाच्या उस्मानाबादी शेळ्या भर उन्हात अधिक उष्णता शोषून घेतात; त्यांचे लांब, लोंबते कान मात्र उष्णता बाहेर टाकण्यास मदत करतात.

वैरण पचताना कोठीपोटात उष्णता तयार होते. ती चारा खाल्ल्यानंतर काही तासांनी सर्वाधिक असते. म्हणून उन्हाळ्यात कडब्यासारखी कोरडी वैरण सायंकाळी उशिरा द्यावी. सकाळी शेवरी, सुबाभूळ, हादगा यांचा पाला द्यावा. चराई सकाळी दहापूर्वी आणि सायंकाळी ऊन उतरल्यावर करावी. हिवाळ्याच्या तुलनेत पाण्याची गरज दीडपट ते दुपटीपर्यंत वाढते. स्वच्छ, थंड पाणी दिवसभर उपलब्ध असावे. गोठ्याच्या पत्र्यावर चुना लावून वर उसाचे पाचट पसरल्यास आतील उष्णता कमी होते. मात्र आग लागणार नाही याची दक्षता घ्यावी.

उष्माघात झालेली शेळी तोंड उघडून धापा टाकते, अडखळते, खाली बसते. तिला सावलीत घ्यावे, डोक्यावर व पायांवर थंड पाणी ओतावे आणि तातडीने पशुवैद्यकास बोलवावे. अर्धवट शुद्धीतील शेळीच्या तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

प्रजननावरील उशिरा दिसणारा परिणाम

बोकडाच्या शरीरात शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे दीड महिना लागतो. एप्रिल-मेच्या उष्णतेने बिघडलेल्या वीर्याचा परिणाम त्यामुळे जून-जुलैमध्ये दिसतो, आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडील अनेक शेळ्या माजावर येतात. भरवलेली शेळी गाभण न राहिल्यास सुमारे २१ दिवसांनी पुन्हा माज दाखवते. गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्याने, जूनच्या सुरुवातीला फळलेली शेळी नोव्हेंबरच्या प्रारंभी विते. पण दोन माज वाया गेले, तर करडे डिसेंबरच्या मध्यानंतर, ऐन थंडीत जन्मतात. म्हणूनच पैदाशीच्या बोकडाला एप्रिलपासून सावली, भरपूर पाणी आणि संतुलित खुराक देणे अत्यावश्यक ठरते.

पावसाळा

पहिल्या पावसानंतर उगवलेले कोवळे गवत शेळ्या अधाशीपणे खातात. अशा वेळी आतड्यातील जिवाणू झपाट्याने वाढून आंत्रविषार होतो. धडधाकट करडू काही तासांत दगावते. या रोगाची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी. प्रथमच लस देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा आवश्यक असते. पीपीआर रोगाची लस तीन महिन्यांवरील करडांना दिल्यास सुमारे तीन वर्षे संरक्षण मिळते. लसीकरणाचे वेळापत्रक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे.

उबदार, दमट हवेत जंतांच्या अळ्या ओल्या गवतावर चढतात. त्यामुळे दव सुकल्यावरच शेळ्या चरावयास सोडाव्यात. डोळ्याच्या पापणीची आतील बाजू पांढुरकी पडणे आणि जबड्याखाली सूज येणे ही रक्त शोषणाऱ्या जंतांची लक्षणे आहेत. पाटण, शिराळा यांसारख्या जास्त पावसाच्या भागात गोठ्याची जमीन कोरडी राहत नसल्यास लाकडी माचाण उपयुक्त ठरते.

हिवाळा आणि संधिकाळ

नवजात करडाच्या शरीरात ऊर्जेचा साठा अल्प असतो आणि अंग ओले असते. जन्मल्यावर त्याला तत्काळ कोरडे करावे, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे आणि पहिल्या तासाभरात चीक पाजावा. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या सुमारे दहा टक्के चीक थोडा थोडा करून मिळावयास हवा. गारठून निपचित पडलेल्या करडाला मात्र आधी ऊब द्यावी. ते चोखू लागल्यानंतरच चीक पाजावा. मोठ्या शेळ्यांना रात्री कोरडी वैरण भरपूर द्यावी. उन्हाळ्यात नकोशी असणारी पचनाची उष्णता आता उपयोगी पडते.

थंडीपासून बचावासाठी गोठा सर्व बाजूंनी बंद करणे मात्र घातक ठरते. मूत्रातून निर्माण होणारा अमोनिया कोंडून श्वासनलिकेला इजा करतो आणि फुप्फुसदाह होतो. गोणपाटाचे पडदे वाऱ्याच्या दिशेने जमिनीपासून शेळीच्या उंचीपर्यंत लावावेत. वरची बाजू मोकळी ठेवावी. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत असते. या संधिकाळात खोकला, नाक गळणे यांवर विशेष लक्ष ठेवावे, चाऱ्यातील बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा आणि आजारी शेळी कळपापासून वेगळी बांधावी.

दोन-चार शेळ्यांवर संसार चालविणाऱ्या कुटुंबात एक करडू दगावणे म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गमावणे होय. बोकडाला सावली, पावसापूर्वी लस आणि थंडीपूर्वी पडदे ही तिन्ही कामे अल्प खर्चाची आहेत. ती वेळेआधी होणे मात्र आवश्यक आहे.