धावपटूची सरासरी चाल

धावपटूने कापलेले एकूण अंतर भागिले त्यासाठी लागलेला एकूण कालावधी, या भागाकारास त्याची सरासरी चाल म्हणतात. अंतर मीटरमध्ये व कालावधी सेकंदात घेतल्यास चाल मीटर प्रति सेकंद (मी/से) या एककात मिळते. तिला ३.६ ने गुणल्यास ती किलोमीटर प्रति तास (किमी/तास) या एककात येते.

चाल आणि वेग

चाल ही अदिश राशी, तर वेग ही सदिश राशी आहे. ४०० मीटरच्या धावपट्टीवर एक पूर्ण फेरी मारणारा धावपटू मूळ जागी परततो. त्याचे विस्थापन शून्य असल्याने सरासरी वेगही शून्य येतो. सरासरी चाल मात्र शून्य नसते.

सरासरी व प्रत्यक्ष चाल

१६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिन येथे जमैकाच्या उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. त्याची सरासरी चाल १०.४४ मी/से, म्हणजे सुमारे ३७.६ किमी/तास होती. पहिल्या २० मीटरला २.८९ सेकंद लागल्याने तेथे ती ६.९२ मी/से भरते; ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत, म्हणजे १२.४२ मी/से चालीने पार केला.

टप्प्यांच्या चालींची थेट सरासरी काढणे चुकीचे ठरू शकते. पहिले १०० मीटर १० मी/से व पुढील १०० मीटर ८ मी/से चालीने धावल्यास एकूण २२.५ सेकंद लागतात. म्हणून सरासरी चाल ९ नव्हे, तर ८.८९ मी/से येते.

मराठवाड्यातील उदाहरण

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत (४९१.२० सेकंद) पूर्ण करून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक विजेत्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद होती. दोन दशांश स्थळांपर्यंत दोघांचीही सरासरी चाल ६.११ मी/से येते. चार स्थळांपर्यंत ती अनुक्रमे ६.१०७५ व ६.१०८१ मी/से आहे. या चालीने ०.०५ सेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापले जाते. यावरून अटीतटीच्या शर्यतीत पूर्णांकित केलेल्या चालीवरून क्रम ठरवता येत नाही, हे स्पष्ट होते.